कंपायलरचे पुस्तक कसे निवडावे

सर्वसाधारण सूचना: १) सर्व कलमे वाचणे आवश्यक. २) आवश्यक तेथे स्वच्छ आकृत्या काढा. ३) आवश्यक तेथे योग्य माहिती गृहीत धरा.

तिसरी सूचना पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकांवर वर्षानुवर्षे छापून येते, आणि कंपायलरवरच्या बहुतेक पुस्तकांचे सार तिच्यात आलेले आहे. प्रस्तावनेत ही पुस्तके म्हणतात, प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असली की पुरे. मग पहिल्या प्रकरणात ती गृहीत धरतात की तुम्हाला सी येते, दुसऱ्यात की डेटा स्ट्रक्चर्स पाठ आहेत, तिसऱ्यात की फायनाइट ऑटोमाटा तुम्ही मुंजीच्या आधीच संपवलात, आणि चौथ्या प्रकरणानंतर तुम्ही अजून वाचताय हे गृहीत धरणेच सोडून देतात.

अशा परिस्थितीत नवशिक्याला झेपेल असे पुस्तक पुण्यात निवडायचे कसे, याची ही मार्गदर्शिका. ज्यांना कंपायलर म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: तुम्ही माणसाला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहिता, मशीनला त्याचे स्वतःचे मोजके हुकूम सोडून काही कळत नाही, आणि पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. एवढेच आहे. पुढची हजार पाने 'कसे' याबद्दल असतात.

कलम १. पात्रता

आधी तुम्ही कोण, ते ठरवावे.

तुम्ही टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, असाल, तर 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम' नावाचा विषय तुमच्या मानगुटीवर आहे. त्याला सगळे एसपीओएस म्हणतात. असेंब्लर, मॅक्रो, लिंकर, लोडर या सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या जागेत कंपायलर. २०१९ पॅटर्नमध्ये, म्हणजे २०१९च्या अभ्यासक्रमात, सत्राच्या मधली इनसेम ३० गुणांची, शेवटची एंडसेम ७० गुणांची. तुमच्या दृष्टीने चांगले पुस्तक म्हणजे ज्यात गेल्या पाच वर्षांचे प्रश्न सोडवलेले आहेत ते. ही गरज प्रामाणिक आहे. तिची लाज बाळगू नये.

तुम्ही हिंजवडीत असाल, दहा-बारा वर्षे जावा लिहीत असाल, आणि मेट्रोचे खांब बघत ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या एके दिवशी वाटले असेल की आपण रोज वापरतो ती भाषा आतून चालते कशी, तर तुमचा आजार वेगळा आहे. तुम्हाला परीक्षा नाही, म्हणून पुस्तक अर्धवट सोडायला कोणाची हरकतही नाही. सर्वांत जास्त जपायला हवे ते तुम्हीच.

तिसरा वर्ग निवृत्त काकांचा. यांनी सत्तरच्या दशकात पंच कार्डांवर फोरट्रान लिहिलेले असते. यांना सल्ला देऊ नये. यांना निकलाउस विर्थचे पुस्तक (कलम ७ पाहा) हवे असते आणि ते यांनी आधीच वाचलेले असते.

पास होण्याचे पुस्तक आणि शिकण्याचे पुस्तक ही दोन निराळी पुस्तके आहेत. ती एकाच जिल्दीत मिळतील या आशेवर आजवर अनेकांनी दोन्ही गमावले. ऐपत असेल तर दोन्ही घ्यावीत. नसेल तर पहिले घ्यावे आणि दुसरे वाचनालयात बसून वाचावे.

कलम २. बाजारात

अप्पा बळवंत चौकात जावे. गाडी घेऊन जाऊ नये. गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात पार्सिंगचे, म्हणजे प्रोग्रॅमची वाक्यरचना उलगडण्याचे, एक प्रकरण वाचून होते. (ज्यांच्या नावाने हा चौक आहे ते अप्पा बळवंत म्हणजे पेशवाईतले मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतावर पडले. चौकातल्या गर्दीत शिरताना हे आठवले तर थोडा धीर येतो.)

इथल्या बऱ्याच दुकानांत पुस्तक चाळण्याची पद्धत नाही. काउंटरपाशी उभे राहून नाव ओरडायचे असते. संवाद साधारण असा होतो:

'काका, कंपायलरचं पुस्तक आहे का?'

'पॅटर्न कुठला?'

'पॅटर्न नाही, मला शिकायचंय.'

इथे काका मान वर करून तुमच्याकडे एकदा बघतात, मग माळ्यावरच्या मुलाला सांगतात, 'टीई कॉम्प, एसपीओएस, दोन हजार एकोणीस, एक दे.'

यात काकांचा दोष नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना तेच हवे असते आणि शंभरावा पुढच्या महिन्यात येऊन तेच नेतो. लेखक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष या गोष्टी इथे दुय्यम. पॅटर्न बदलला की कालपर्यंत हातोहात खपणारे पुस्तक आज वजनावर जाते. २०१२चे २०१५ला चालत नाही आणि २०१५चे २०१९ला. गंमत म्हणजे पुस्तकाच्या आतला फर्स्ट-फॉलो (पार्सिंगला लागणारे संच) काढण्याचा रिवाज या सगळ्या काळात अक्षरानेही बदललेला नाही.

तुम्ही चिकाटी दाखवून जुन्या पुस्तकांच्या ढिगापर्यंत पोहोचलात, तर पुढचे कलम उपयोगी पडेल.

कलम ३. जुन्या प्रतीची परीक्षा

जुने पुस्तक हातात आले की ते आधी मिटावे. उघडायची घाई करू नये. मिटलेल्या पुस्तकाची बाहेरची कड उजेडात धरावी. वाचलेली पाने बोटांच्या घामाने, मेसच्या तेलकट हातांनी आणि पुण्याच्या धुळीने काळपट झालेली असतात आणि न वाचलेली पांढरी असतात. काळा पट्टा जिथे संपतो तिथे आधीचा मालक संपला.

ही परीक्षा कुठल्याही परीक्षणापेक्षा खरी आहे. जाडजूड परदेशी पुस्तकाच्या जुन्या प्रतीत काळा पट्टा बहुधा चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर थांबतो. तिथे पार्सिंग टेबले सुरू होतात. त्यापुढे शेवटच्या ऑप्टिमायझेशनपर्यंत पाने अशी शुभ्र असतात की नुकतीच छापखान्यातून आली म्हणावीत. पट्टा कडेच्या तीन चतुर्थांशापर्यंत गेलेला दिसला तर ती प्रत सोडू नये, कारण आतल्या पेन्सिलच्या खुणाही वाचण्यासारख्या असणार.

लोकल ऑथरच्या, म्हणजे पॅटर्नबरहुकूम लिहिणाऱ्या इथल्या लेखकाच्या, पुस्तकाला ही परीक्षा लावता येत नाही. ते सगळीकडे सारखेच काळे असते आणि मधली सोडवलेल्या उदाहरणांची पाने फाडलेली असतात. ती परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठे गेली, हे विचारू नये.

कलम ४. यंत्राची परीक्षा (हे कलम अनिवार्य)

आता पुस्तक उघडावे आणि एकच गोष्ट शोधावी: या पुस्तकात यंत्र आहे का? आणि असल्यास, ते तुमच्या डोक्यात मावेल एवढे लहान आहे का?

हा निकष कुठल्याही ग्रंथपालाने शिकवलेला नाही, माझाच आहे, पण मी त्याच्यावर हट्टाने उभा आहे. कंपायलर शेवटी कोणासाठी तरी लिहीत असतो. तो 'कोणीतरी' समोर नसेल तर टोकन, ट्री, टेबल हा सगळा पत्रव्यवहार पत्ता नसलेल्या पाकिटात जातो. नवशिक्याला हवे ते असे यंत्र, ज्याचे सगळे हुकूम एका पानावर मावतात आणि जे आपण स्वतः बोटाने चालवून पाहू शकतो.

उदाहरणार्थ, २ + ३ * ४. एका साध्या स्टॅक मशीनसाठी याचे भाषांतर होते: पुश २, पुश ३, पुश ४, गुणा, मिळवा. अमृततुल्यात बसून बिलाच्या पाठीमागे हे चालवून पाहावे. २ ठेवला, त्यावर ३, त्यावर ४. 'गुणा' म्हटल्यावर वरचे दोन उचलले, १२ ठेवले. 'मिळवा' म्हटल्यावर २ आणि १२ उचलले, १४ ठेवले. चहा संपायच्या आत एक आख्खा प्रोग्रॅम चालला. आता मागे वळून बघावे: गुणाकार आधी व्हावा हे यंत्राला कोणीच सांगितले नाही. ते क्रमातच आले. तो क्रम कोणी लावला? कंपायलरने. कसा? हा प्रश्न पडला की तुम्ही पुस्तक विकत घ्यायला लायक झालात, कारण पार्सिंगचे प्रकरण आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. एरवी ते टेबल भरण्याचे काम असते.

ज्या पुस्तकात हे यंत्र पहिल्या शंभर पानांत भेटते ते नवशिक्याचे पुस्तक. ज्यात ते पाचशेव्या पानावर भेटते ते ग्रंथालयाचे.

कलम ५. ड्रॅगन

कोणीतरी सिनियर तुम्हाला सांगेलच: 'ड्रॅगन बुक घे, दुसरं काही बघूच नको.' हा सिनियर ते पुस्तक अभ्यासिकेत डोक्याखाली घेऊन झोपत असे.

१९७७ साली आल्फ्रेड आहो आणि जेफ्री उलमन यांनी कंपायलर डिझाइनच्या तत्त्वांवर पुस्तक काढले. मुखपृष्ठावर हिरवा ड्रॅगन, त्याच्यावर चालून जाणारा चिलखती योद्धा. १९८६ मध्ये आयआयटी कानपूरहून शिकून गेलेले रवी सेठी त्यांना येऊन मिळाले, नवे पुस्तक झाले आणि ड्रॅगन लाल झाला. त्या लाल ड्रॅगनवर 'कंपायलर डिझाइनमधली गुंतागुंत' असे लिहिलेलेच आहे आणि योद्ध्याच्या शस्त्रावर एलएएलआर पार्सर जनरेटर. २००६ मध्ये मोनिका लॅमही आल्या, पाने हजाराच्या पुढे गेली आणि ड्रॅगन जांभळा झाला. आहो आणि उलमन यांना २०२० सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा या पुस्तकांचा उल्लेख झालाच. थोर पुस्तक आहे, याबद्दल वाद नाही. थोर माणसांकडे पहिल्याच दिवशी मुक्कामाला जाऊ नये, एवढेच.

तरीही ड्रॅगन घ्यायचाच असेल तर एक आतली गोष्ट. दुसरे प्रकरण तेवढे वाचावे. त्यात सगळा कंपायलर लहान प्रमाणात एकदा करून दाखवला आहे आणि शेवटी खरा, चालणारा प्रोग्रॅम आहे. लाल प्रतीत तो सीमध्ये आहे, जांभळ्या प्रतीत जावात. पण खरा फरक पुढे आहे. लाल प्रतीच्या दुसऱ्या प्रकरणात स्टॅक मशीनवर एक स्वतंत्र भाग आहे, म्हणजे कलम ४ मधले आपले यंत्र. जांभळ्या आवृत्तीत त्या जागी थ्री-ॲड्रेस कोड आला. यंत्र गेले, कागदावरची टी१ आणि टी२ ही तात्पुरती नावे राहिली. त्यामुळे अप्पा बळवंत चौकात लाल आणि जांभळा शेजारी शेजारी दिसले, तर काका 'जुनी आहे ती, नवी घ्या' म्हणतील. नवशिक्याने जुनी घ्यावी. स्वस्तही पडते.

किंवा

(प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्नांच्या मधोमध 'किंवा' असते, तसे हे.)

लोकल ऑथर. याच्यावर हसण्याची पद्धत आहे आणि हसणाऱ्यांच्या कपाटात तेच असते. मुखपृष्ठ चकचकीत, कागद पिवळट, आकृत्यांतले बाण कधी कधी उलटे. पण ग्रामर समोर ठेवून फर्स्ट आणि फॉलो कसे काढायचे, लेफ्ट रिकर्शन कसे घालवायचे, एसएलआरचे टेबल कसे भरायचे, हे एकेका पायरीने दाखवावे ते यानेच. परदेशी पुस्तक ज्या ठिकाणी 'हे वाचकावर सोपवतो' म्हणून निघून जाते तिथे हा थांबतो आणि सगळे लिहून काढतो. ओरलला एक्स्टर्नलने 'फॉलोमध्ये डॉलर का येतो?' असे विचारले की मात्र पोरगा गप्प. कारण टेबल भरले ते कोणासाठी, हे पुस्तकात कुठेच नाही. यंत्र नाही.

कलम ६. धामधेरे

हे कलम थोडे मोठे होईल. इलाज नाही.

पुण्यात सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग शिकलेल्या कोणालाही, मग तो आता बाणेरला असो की बे एरियात, 'मूव्हर एरेग' एवढे दोन शब्द म्हणून दाखवावेत. चेहऱ्यावर आधी ओळख आणि मग वैताग उमटतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय धामधेरे यांच्या 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' या पुस्तकातली ही कल्पित असेंब्ली भाषा. चार रजिस्टर: एरेग, बीरेग, सीरेग, डीरेग. हुकूम ०० ते १०, म्हणजे अकरा. ०० म्हणजे स्टॉप, ०१ ॲड, ०४ मूव्हर, म्हणजे मेमरीतून रजिस्टरमध्ये आण, ०५ मूव्हेम, म्हणजे उलट. आहेत ते सगळे अर्ध्या पानात बसतात.

ही भाषा चालवणारे मशीन जगात कुठेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी याचीच तक्रार केली: 'जे मशीन नाहीच त्याचा असेंब्लर आम्ही का लिहायचा?' माझ्या मते या पुस्तकाची थोरवी तिथेच आहे. त्याच्या शेजारी जॉन डोनोव्हनचे १९७२चे 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग' ठेवून पाहावे. तेही आपल्याकडे वर्षानुवर्षे लावलेले होते. त्यात यंत्र आहे आणि ते खरे आहे: आयबीएम ३६०. बीएएलआर, यूजिंग, बेस रजिस्टर ही त्याची परिभाषा. ज्या मुलाने ते यंत्र फोटोतही पाहिले नाही, त्याने त्याच्या बेस रजिस्टरची चिंता करत रात्री घालवल्या. खरे यंत्र स्वतःच्या खोडी घेऊन येते. कल्पित यंत्रात लेखकाला शिकवायचे तेवढेच असते.

धामधेरेंच्या यंत्रावर काय शिकायला मिळते? एक उदाहरण. प्रोग्रॅमच्या तिसऱ्या ओळीत तुम्ही म्हणता, 'मूव्हर एरेग, बेरीज'. 'बेरीज' नावाची जागा मात्र विसाव्या ओळीत जाहीर होते. असेंब्लर तिसऱ्या ओळीवर पोहोचला तेव्हा त्याला बेरीज कुठे आहे हे माहीतच नाही. मग तो काय करतो? सिम्बॉल टेबलमध्ये नाव लिहितो, पत्त्याची जागा रिकामी ठेवतो आणि अर्धवट ओळ पुढे पाठवतो: (आयएस, ०४) (१) (एस, १). म्हणजे '०४ क्रमांकाचा हुकूम, पहिले रजिस्टर, टेबलातले पहिले नाव'. पहिला पास संपेपर्यंत सगळे पत्ते कळलेले असतात. दुसऱ्या पासमध्ये रिकाम्या जागा भरायच्या. सबमिशनच्या आदल्या रात्री हे जर्नलमध्ये उतरवताना ते रटाळ वाटते. पण नाव वापरणे आणि नाव जाहीर करणे यांतले अंतर कसे सांभाळायचे, मधले रूप कशासाठी लागते, एकाच मजकुरावरून दोनदा का जावे लागते, हे कंपायलरचे सगळे मोठे प्रश्न त्या तीन कंसांत आलेले आहेत. कंपायलरमध्ये ते भाषेच्या दाट झाडीत लपतात. असेंब्लरची भाषा इतकी उघडीवाघडी आहे की लपायला जागाच नाही.

म्हणून नवशिक्या असाल तर कंपायलरच्या पुस्तकाच्या आधी धामधेरेंचा असेंब्लर हाताने करावा. कोड लिहू नये. कागदावर, पेन्सिलने, टेबले आखून. टीईला आधीच केला असेल आणि विसरला असाल तर पुन्हा करावा. हिंजवडीकरांना ही अट विशेष लागू.

एक सावधगिरी. धामधेरे यांनी १९८३ साली खास कंपायलरवर इंग्रजी पुस्तक लिहिले, मॅकमिलनने काढले, त्याचे नाव 'कंपायलर कन्स्ट्रक्शन: प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस'. १९९७ साली केनेथ लाउडन या अमेरिकन प्राध्यापकाचे पुस्तक आले, त्याचेही नाव अगदी हेच. फक्त नाव सांगून पुस्तक मागवलेत तर कोणते येईल याची शाश्वती नाही. सुदैवाने यात नुकसान कोणाचेच नाही: लाउडनही नवशिक्यांना चांगला आहे. त्याने 'टायनी' नावाची लहान भाषा घेतली आणि तिच्यासाठी 'टीएम' नावाचे लहान यंत्र, तेही कल्पित. आपल्या कलम ४ मध्ये बसतो.

कलम ७. हिंजवडीकरांसाठी विशेष सवलत

तुम्हाला परीक्षा नाही, तेव्हा तुम्हाला चालणारी गोष्ट हवी. रॉबर्ट निस्ट्रमचे 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स' (२०२१) घ्यावे. पूर्ण पुस्तक जालावर फुकट वाचता येते, हे ऐकून पुणेकर वाचकाला निम्मी गोडी तिथेच लागेल. लेखकाने 'लॉक्स' नावाची एक भाषा दोनदा बांधली आहे, एकदा जावात, दुसऱ्यांदा सीमध्ये. सगळा कोड पुस्तकात आहे, एकही ओळ वाचकावर सोपवलेली नाही. दुसऱ्या वेळी तो बाइटकोड आणि तो चालवणारे स्टॅक मशीन बांधतो: पुश, पुश, मिळवा. नावात इंटरप्रिटर आहे म्हणून नाके मुरडू नयेत. दुसऱ्या बांधणीत मूळ प्रोग्रॅमचा बाइटकोड होतो, तो कंपायलरच करतो.

विर्थचे 'कंपायलर कन्स्ट्रक्शन' (१९९६) दोनशे पानांच्या आत संपते. ओबेरॉन-० ही लहान भाषा, लहान यंत्र, आणि अनावश्यक शब्द एकही नाही. विर्थ समजावत बसत नाहीत. एकदा सांगतात. ज्यांना शाळेत तसे मास्तर आवडायचे त्यांना हे पुस्तक आवडेल. हेही लेखकाने मोफत खुले केले आहे.

जॅक क्रेनशॉ यांची १९८८ पासून आलेली लेखमाला गप्पा मारल्यासारखी लिहिलेली आहे, पण ती ६८००० या खऱ्या चिपसाठी आहे, तेव्हा यंत्राच्या परीक्षेत नापास. वाचायला मात्र मजा येते. अँड्र्यू ॲपेलचे वाघाचे चित्र असलेले पुस्तक आणि कूपर-टॉर्क्झन यांचे 'इंजिनिअरिंग अ कंपायलर' ही दुसऱ्या वर्षाची पुस्तके. 'दुसरे वर्ष' म्हणजे तुम्ही एक लहान कंपायलर चालवून दाखवल्यानंतरचे. कॉलेजचे नव्हे.

विर्थ यांचे नाव निघाले म्हणून एक पुण्याची गोष्ट, कारण ती इथे फारशी कोणी सांगत नाही. सत्तरच्या दशकात झुरिचमध्ये विर्थ यांच्या गटाने पास्कलचा एक कंपायलर केला. तो कुठल्याच खऱ्या मशीनसाठी कोड काढत नसे. एका कल्पित स्टॅक मशीनसाठी काढत असे. तुम्हाला तुमच्या मशीनवर पास्कल हवे असेल, तर त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायचा, की सगळा कंपायलर तुमच्याकडे हजर. त्यामुळे पास्कल जगभर पसरले. त्या पास्कल-पी कंपायलरच्या टिपणांवर जी नावे आहेत त्यांत पहिले आहे केशव नोरी यांचे. हेच नोरी पुढे पुण्यात, हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात होते. १९८७ आणि १९८८ च्या डिसेंबरात सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद पुण्यात भरली, तिच्या निबंधसंग्रहांवर संपादक म्हणून त्यांचे नाव आहे. म्हणजे कल्पित यंत्रावर भाषा उभी करण्याची युक्ती ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिली, त्यांतला एक माणूस मगरपट्ट्याच्या जवळपास कुठेतरी कामाला जात होता, आणि त्याच वेळी मंडईपलीकडच्या वर्गांत मुले 'जे मशीन नाहीच त्याचा असेंब्लर का?' म्हणून विचारत होती.

कलम ८. टाळायच्या गोष्टी

सुरुवातीलाच जीसीसी या खऱ्या, अवाढव्य कंपायलरचा सोर्स उतरवू नये. एक कोटीहून जास्त ओळी आहेत. पुण्यात ते काम करणारी माणसे आहेत, नाही असे नाही: केपीआयटी कंपनीने रेनेसासच्या एसएच आणि एच८ मायक्रोकंट्रोलरसाठी जीसीसीवर आधारलेली टूलचेन बांधून ती फुकट वाटली. पण ती माणसे तिथे पोहोचली ती लहान यंत्रावरून. मोठ्यावर उडी मारून नाही. तसेच उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि सहकाऱ्यांचे 'डेटा फ्लो ॲनालिसिस' (२००९) हे आयआयटी मुंबईतले पुस्तक पाहून अभिमान वाटू द्यावा आणि ते फडताळात वर ठेवावे. ऑप्टिमायझेशन कशासाठी, हे स्वतःला जाणवू लागले की खाली काढावे.

पाहुणे आले आणि टेबलावर कंपायलरचे पुस्तक दिसले, तर सदाशिव पेठेतला कोणी ना कोणी म्हणणारच: 'हे सगळं पाणिनीने करून ठेवलंय.' वाद घालू नये. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पीटर इंगरमन यांनी १९६७ साली संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाला पत्र लिहून, व्याकरण लिहायच्या बॅकस पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचवले होते. फक्त, सुमारे चार हजार सूत्रे पाठ असूनही एंडसेमला एलआर टेबल भरता येत नाही, हे पाहुण्यांना सांगू नये.

घाई करू नये. हे शहर शब्दांच्या बाबतीत घाई करत नाही. डेक्कन कॉलेजने संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली हाती घेतले. खंडामागून खंड निघाले आणि मुक्काम अजून 'अ'मध्येच आहे. कंपायलरच्या भाषेत हा अजून लेक्सिकल ॲनालिसिसचा टप्पा झाला. तुम्हाला तिसऱ्या प्रकरणाला दोन महिने लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कलम ९. विल्हेवाट

लोकल ऑथरचे पुस्तक निकाल लागल्याच्या दिवशी विकावे. दुसऱ्या दिवशी भाव पडतो आणि पॅटर्न बदलल्याची नुसती अफवा आली तरी काका हात लावत नाहीत. बॅक लागली असेल तर अर्थातच ठेवावे.

ड्रॅगन विकू नये. त्याचा पुनर्विक्रीचा भाव कायम टिकतो, पण जांभळा देऊन लाल घेणारा कोणी भेटला तर अदलाबदल करण्यास हरकत नाही.

धामधेरे यांचे १९८३चे मॅकमिलनचे पुस्तक एखाद्या ढिगात सापडले, कड चौथ्या प्रकरणापलीकडे काळी असली आणि आत कोणीतरी पेन्सिलने टेबले आखलेली असली, तर मिळेल त्या किमतीला घ्यावे, घासाघीस करू नये आणि कोणत्या दुकानात मिळाले ते कोणालाही सांगू नये.